हजार लिटरचा हिशेब

हजार लिटर पाणी शुद्ध करून गावात पोचवायला किती खर्च येतो, या प्रश्नाचं उत्तर मी नोकरीत असताना बरीच वर्षं चुकीचं देत आलो. बीड जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात मी अभियंता होतो. गावाचं नाव लिहीत नाही. दराचे सगळे प्रस्ताव माझ्या सहीने गेले होते आणि सांगायचंय ते माझ्या कामाबद्दल.

वीजबिल, तुरटी, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर, पगार, पंपांची दुरुस्ती, धरणातल्या पाण्यासाठी जलसंपदा विभागाला द्यायची पाणीपट्टी, हे सगळं मी बेरजेला धरायचो. बेरीज बरोबर असायची, चूक भागाकारात होती. जलशुद्धीकरण केंद्र जेवढ्या क्षमतेचं बांधलं, तेवढ्याने मी भागायचो. समजा केंद्र रोज ५० लाख लिटरचं आहे आणि वर्षाचा खर्च १ कोटी रुपये. भागाकार केला की हजार लिटरला साडेपाच रुपये येतात. पण केंद्र त्या क्षमतेने चालायचं कधी? धरणात पाणी कमी, वीज गेलेली, एक पंप दुरुस्तीला. केंद्र निम्मंच चाललं आणि खर्च फारसा घटला नाही, तर साडेपाचाचे अकरा होतात. त्यातलं ४० टक्के पाणी गळतीत आणि बेकायदा नळांत गेलं, तर ज्याचं बिल निघतं त्या हजार लिटरला अठरा रुपये पडतात. हे आकडे समजावण्यापुरते घेतलेत, पण आमचं खरं चित्र याच जातीचं होतं. केंद्र सरकारने २००८ मध्ये सेवांची मानकं ठरवली, त्यात बिलात न येणारं पाणी २० टक्क्यांच्या आत असावं असं आहे. त्या मानकांचा तक्ता आम्ही दरवर्षी भरून पाठवायचो. मोजायला चालू मीटर नव्हते, म्हणून तो रकाना मी अंदाजाने भरला, आणि अंदाज मानकाच्या आसपास राहील असा बेतला. ही चूक अजाणतेपणी झाली असं मी म्हणणार नाही.

याचा परिणाम उद्योगांच्या दरावर झाला. आमच्याकडे मोठे कारखाने नाहीत. जिनिंग-प्रेसिंग, बर्फाचा कारखाना, दूध शीतकरण केंद्र, डाळमिल, आणि गेल्या काही वर्षांत गल्लोगल्ली उघडलेले जारच्या पाण्याचे प्लांट. त्यांना आकारणी करताना मला वाटायचं, आपण खर्चाच्या दुप्पट घेतोय आणि त्यातून गरिबांच्या नळाला हातभार लागतोय. सभेत मी तसंच सांगायचो आणि सदस्यांना ते पटायचं. खरं तर त्या दरात आमचा खर्चही निघत नव्हता. म्हणजे गावातली थकलेली म्हातारी जी पाणीपट्टी भरत होती, त्या पैशातून आम्ही जारवाल्याला पाणी स्वस्त पाडून देत होतो.

जारचा हिशेब मांडून बघा. २० लिटरचा जार २० रुपयांना विकला, तर हजार लिटरचे हजार रुपये होतात. आमच्या नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायचं, म्हणून लोकांना तो जार घ्यावा लागायचा. आरओ यंत्रात जेवढं पाणी आत जातं त्याचा मोठा भाग खारट होऊन गटारात सोडावा लागतो, तो वेगळाच. आणि एवढा उपसा करणाऱ्याला आमचं बिल यायचं नळाच्या इंचावर. अर्धा इंची, पाऊण इंची, एक इंची, अशी वार्षिक रक्कम ठरलेली. अर्ध्या इंचीला मोटर लावून पाणी सुटल्यापासून बंद होईपर्यंत जमिनीखालची टाकी भरणारा आणि अर्ध्या इंचीवर चहाचं हॉटेल चालवणारा, दोघांना सारखाच आकडा.

मीटर बसवले नव्हते असं नाही. बिगर घरगुती जोडण्यांना एकदा बसवले होते. पण आठवड्यातून एकदा पाणी सोडलं की आधी नळीतली कोंडलेली हवा सुटते आणि मीटर हवेवरच फिरतो, नंतर गाळ अडकून बंद पडतो. तक्रारी आल्या. मी दुरुस्तीची तरतूद मागितली नाही. रजिस्टरवर ‘बंद’ असा शेरा मारून नळाच्या इंचाप्रमाणे सरासरीने आकारणी करा, असं तोंडी सांगितलं. त्या दिवसापासून आमच्या गावात औद्योगिक पाणी मोजणं थांबलं.

आपल्या भागात पाणी महाग का पडतं, हे खरं तर मला पाठ होतं. बीड शहराचंच उदाहरण घ्या. गोदावरीचं पाणी पैठणच्या उजव्या कालव्याने माजलगाव धरणात येतं आणि तिथून पंपाने बीडकडे चढवावं लागतं. हजार लिटर पाणी १०० मीटर उचलायला नुसत्या गणिताने पाव युनिटाहून थोडी जास्त वीज लागते, पंप-मोटरीतली तूट आणि नळीतलं घर्षण धरलं की ती अर्ध्या युनिटाकडे जाते. बालाघाटच्या डोंगरांच्या आसपासच्या गावांना असा चढ चुकत नाही. शिवाय पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की तुरटी वाढते, उन्हाळ्यात धरण मृतसाठ्यावर गेलं की शेवाळ आणि वास येतो आणि शेवटच्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन राहावं म्हणून केंद्रावर कितीतरी जास्त टाकावं लागतं. खर्च असा ऋतूप्रमाणे हलतो. धरणातल्या पाण्याचे दर ठरवणारं महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण हंगामानुसार दर वेगळे ठेवतं, आणि पाणी हाच कच्चा माल असलेल्या उद्योगांना, म्हणजे बाटलीबंद पाणी, शीतपेयं, मद्य यांना, कितीतरी चढा दर लावतं. ते आदेश माझ्या कपाटात होते. वाचलेही होते. ते वरच्या पातळीवरचं काम, आपल्याला लागू नाही, असं समजून मी ते बाजूला ठेवले.

२०१२-१३ च्या दुष्काळात तूट इतकी वाढली की वीजबिल थकलं. तेव्हा मी प्रस्ताव मांडला: घरगुती पाणीपट्टीला हात लावायचा नाही, सगळी वाढ उद्योगांवर टाकायची. सभेत एकही विरोध झाला नाही. कुणाच्याच मतदारांना धक्का लागत नव्हता. दर एकदम चढवले, कुणाशी बोललो नाही, टप्पे पाडले नाहीत.

नोटिसा गेल्यावर बर्फाच्या कारखान्याचे मालक कार्यालयात आले. भांडायला आले असतील असं वाटलं होतं. ते शांतपणे म्हणाले, ‘साहेब, दराचं सोडा. पाणी कोणत्या दिवशी, किती वाजता आणि किती येणार, तेवढं लिहून द्या. मग तुम्ही म्हणाल तो दर देतो.’ मला ते लिहून देता आलं नाही. काही महिन्यांत त्यांनी बोअर घेतला आणि नळ बंद करायचा अर्ज दिला. जिनिंगवाल्यांनीही तेच केलं.

एक मोठा ग्राहक गेला की खर्च किती वाचतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा मांडून पाहिलं. त्याच्या वाट्याची वीज आणि तुरटी वाचते. पगार, कर्जाचे हप्ते, विजेचा स्थिर आकार, पंपघराची देखभाल, हे तसंच राहतं आणि उरलेल्या ग्राहकांवर वाटलं जातं. दर वाढवून मिळणारी रक्कम मी प्रस्तावात धरली होती, ग्राहक सोडून गेल्यावर बुडणारी धरलीच नव्हती. त्यातून नवे बोअर दोन-तीनशे फूट खाली गेले आणि शेजारच्या वस्तीतले हातपंप आटले. तिथे आम्हाला टँकर लावावे लागले, आणि टँकरचा खर्च पाणीपुरवठ्याच्याच खात्यावर पडला. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल कायदा आहे, पण पाणी जमिनीखालून उपसायला त्या लोकांना भाग कुणी पाडलं, याचं उत्तर माझ्या प्रस्तावात होतं.

पाण्याच्या वाटपात उद्योग मागे असावा, हे मला मान्य आहे. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम होता. २०११ मध्ये तो बदलून शेती आधी आणि उद्योग नंतर असं झालं, ते योग्यच झालं. टंचाईत कारखाना आधी बंद पडतो हे आपण आपल्याच जिल्ह्यात पाहिलंय. परळीचं औष्णिक वीज केंद्र गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्याच्या पाण्यावर चालतं. पाणी नाही म्हणून ते २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये बंद ठेवावं लागलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण कोरडं पडलेलं असताना लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, आणि त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य उद्योगांच्या पाण्यात मोठी कपात करायला सांगितलं.

तिथे निदान कपात किती, कधीपासून, कधीपर्यंत, हे लेखी होतं. मी काय केलं? त्याच उन्हाळ्यात व्हॉल्व्हमनला सांगून उरल्यासुरल्या औद्योगिक जोडण्या बंद केल्या. नोटीस दिली नाही, तारीख सांगितली नाही. दूध शीतकरण केंद्राला सकाळी कळलं की पाणी येणार नाही, आणि संकलन दारात उभं होतं. वर्षाअखेर त्यांना बिल मात्र बारा महिन्यांचं गेलं. तो अन्याय होता. त्यांनी अर्ज केला, मी तो ‘नियमाप्रमाणे आकारणी योग्य’ असं लिहून निकाली काढला. पुढे त्यांनी थकबाकी भरली नाही, तेव्हा वसुलीला जायचं धैर्य मला झालं नाही.

नंतर कराडजवळच्या मलकापूरची योजना पाहायला गेलो. तेव्हा ती छोटी नगरपंचायत होती, पण प्रत्येक नळाला मीटर आणि पाणी चोवीस तास. वापर वाढेल तसा चढत जाणारा दर. आधी बघायला हवं होतं ते मी तिथे पाहिलं: नळीत दाब कायम असेल तर हवा शिरत नाही, मीटर टिकतो, आणि मीटर टिकला की दरावर बोलता येतं. आम्हाला चोवीस तास पाणी देणं शक्य नव्हतं. पण बिगर घरगुती जोडण्या मोजक्याच होत्या. त्यांच्यापुरती वेगळी वाहिनी, हवा सोडणारे व्हॉल्व्ह आणि ठरलेला वार, एवढं तरी जमलं असतं. निवृत्तीच्या आधी त्यातलं थोडंफार झालं. दराचे दोन भाग केले: जोडणी राखून ठेवल्याचा स्थिर आकार, आणि मोजलेल्या पाण्याचा चढता दर. टंचाईत कपात केली तर त्या दिवसांचा स्थिर आकार माफ. जारवाल्यांचा गट वेगळा काढला. बर्फाचा कारखाना परत आला नाही.

एक भाग मात्र मी पूर्ण सोडून दिला, तो सांडपाण्याचा. शीतकरण केंद्रातल्या टाक्या आणि कॅन धुतलेलं दुधाळ पाणी नाल्यात जायचं. दूध कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतं, नाला काळा पडतो. खालच्या अंगाच्या एका शेतकऱ्याने विहिरीला वास येतो म्हणून सांगितलं. हे प्रदूषण नियंत्रण मंडळाचं काम आहे, असं सांगून मी त्याला परत पाठवलं. पाणी आम्ही दिलं, त्याचे पैसे आम्ही घेतले, ते वापरून झाल्यावर कुठे जातं हे दराच्या तक्त्यात कधी लिहिलंच नाही. इतर देशांत कितीतरी शहरांचे पाणीपुरवठा विभाग उद्योगाच्या सांडपाण्यात घाण किती आहे हे तपासून त्यावर जादा आकार घेतात, आणि स्वतः प्रक्रिया करून सोडणाऱ्याला तो कमी करतात. आता त्या नगरपालिकेत नवा तरुण अभियंता आहे. त्याने दरपत्रकात सांडपाण्याची ओळ घातली आहे. ठराव अजून सभेपुढे आलेला नाही. पुढच्या अंदाजपत्रकाआधी तो यावा म्हणून मी त्याला आकडेमोड करून देतोय, आणि या वेळी भागाकार बिलात आलेल्या पाण्याने केलाय.