पेठेतली बोली आणि इव्हान इलिच

इव्हान इलिच आपल्याकडे पोचला तो शाळेच्या विरोधात लिहिणारा म्हणून. १९७१च्या 'डीस्कूलिंग सोसायटी'नंतर ते साहजिकच होतं. सीमाभागातल्या माझ्यासारख्याला मात्र तो जवळचा वाटतो भाषेमुळे.

१९२६ साली व्हिएन्नात जन्मलेला इलिच कॅथलिक धर्मगुरू. न्यूयॉर्कमधल्या पोर्टो रिकन गरिबांत त्यानं काम केलं आणि पुढे मेक्सिकोत क्वेर्नावाकाला केंद्र उभारलं. लॅटिन अमेरिकेत निघालेल्या मिशनऱ्यांना तिथं स्पॅनिश शिकवत. परक्याच्या भाषेत आधी गप्प राहून ऐकायचं असतं, हेही शिकवत. १९६८ साली रोमनं त्याला चौकशीला बोलावलं. पुढच्या वर्षी त्यानं धर्मगुरूची कामं सोडली, श्रद्धा सोडली नाही. त्याची सगळी टीका त्या श्रद्धेतूनच आली आहे. वाटेत जखमी पडलेल्या परक्यापाशी थांबावंसं वाटणं ही ख्रिस्ताची देणगी. तिची यंत्रणा झाली, तिला सक्ती चिकटली, की ती नासते. शाळेत, इस्पितळात त्याला हेच दिसलं.

'शॅडो वर्क' या १९८१च्या पुस्तकात तो १४९२ सालाकडे जातो. कोलंबस ज्या ऑगस्टमध्ये समुद्रावर गेला, त्याच महिन्यात नेब्रिहा नावाच्या पंडितानं राणी इसाबेलाला कॅस्टिलियन भाषेचं व्याकरण अर्पण केलं. प्रजा हवं तसं बोलते, हवं ते वाचते. तिची बोली नियमात बांधली तर राज्य भक्कम होईल, हा त्यामागचा विचार. आईच्या मांडीवर आपसूक येणारी भाषा त्यानंतर राज्यानं शिकवायची गोष्ट झाली, असं इलिच म्हणतो.

निपाणीत बसून हे वाचताना जीव अस्वस्थ होतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, निपाणी म्हैसूर राज्यात गेली. १९६७च्या महाजन अहवालानं निपाणी महाराष्ट्राला द्यायला सांगितली, बेळगाव शहर तिकडेच ठेवलं. महाराष्ट्राचा दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. मराठी शाळा, मराठी कागदपत्रं हा आमचा हक्क आहे आणि त्यात मी तसूभर मागे सरणार नाही. इलिचचं शाळेविषयीचं म्हणणंही मला पुरतं पटत नाही. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बाईला लेकीसाठी शाळा हीच वाट दिसते, आणि तिचं खरं आहे.

तरी पेठेत एका गिऱ्हाईकाला 'या की' आणि दुसऱ्याला कन्नडात 'बर्री' म्हणणारा दुकानदार कुणाच्या व्याकरणात बसायचा? बेंगळुरूची कन्नडसक्ती आम्हाला लगेच टोचते. 'करायलोय' म्हणणाऱ्या पोराला आमच्याच मराठी वर्गात ओशाळं व्हावं लागतं, त्याबद्दल मोर्चात कुणी बोलत नाही. माझ्या मते ही जखमही सीमाप्रश्नातलीच आहे.

१९८०च्या आसपास निपाणीच्या वखारींतल्या बायकांनी संघटना बांधली, संप केला. 'युगांतर' गटानं १९८२ साली त्यांच्यावर केलेल्या माहितीपटाचं नाव 'तंबाकू चाकिला ऊब आली'. प्रमाण मराठीत कुणी हे नाव ठेवलं नसतं. मालकापुढे उभं राहताना या बायकांना स्वतःचीच बोली पुरेशी होती.