लॉगिंगचं सामाईक खातं

कोणाचीही डॉकर कंपोजची फाइल हातात आली की मी आधी लॉगिंगचा भाग शोधतो. पोर्ट, व्हॉल्यूम, पासवर्ड सगळे जण मन लावून लिहितात. लॉगिंग मात्र शेजारच्या सर्व्हिसखालून उचलून चिकटवलेलं असतं, नाहीतर मुळात नसतंच.

नसलं तर पंचाईत असते. डॉकर आपणहून जेसन-फाइल हा ड्रायव्हर वापरतो आणि त्याला मर्यादा घातली नाही तर लॉगची फाइल फुगत जाते. बडबड्या सर्व्हिसने डिस्क भरली की त्याच मशीनवरचा बिचारा डेटाबेसही आडवा होतो. म्हणून प्रत्येक सर्व्हिसला दोन ओळी हव्यात: मॅक्स-साइझ १० एमबी, मॅक्स-फाइल ३. मग एका कंटेनरचे लॉग ३० एमबीच्या आसपास थोपतात.

या ओळी दहा ठिकाणी लिहायची गरज नाही. फाइलीच्या डोक्यावर ‘एक्स-लॉगिंग’ असा विभाग करायचा. नावाआधी ‘एक्स-’ असलं की कंपोज तिकडे काणाडोळा करतो. तिथल्या मजकुराला अँपरसँड लावून नाव द्यायचं आणि खाली प्रत्येक सर्व्हिसमध्ये स्टार लावून तेच नाव घ्यायचं. यामलची ही सोय मला फार आवडते. तिची हद्द तेवढी त्याच फाइलीपुरती. दुसऱ्या फाइलीतलं नाव तिला ओळखू येत नाही.

खरी गंमत अपवादाच्या वेळी. समजा, पेमेंटच्या सर्व्हिसला ५० एमबीची फाइल हवी. मर्जची खूण टाकून सामाईक मजकूर आणला, खाली ‘ऑप्शन्स’ लिहून त्यात फक्त नवा मॅक्स-साइझ दिला. दिसायला सगळं ठीक. पण हे मर्ज वरच्या पातळीपुरतंच चालतं. ‘ऑप्शन्स’ पुन्हा लिहिलं की जुनं ‘ऑप्शन्स’ मॅक्स-फाइलसकट जातं आणि फाइलींची संख्या मुकाट १ वर येते. ५० एमबी भरले की तीच फाइल रिकामी होऊन पुन्हा सुरू होते. मध्यरात्री व्यवहार अडकलेले असतात आणि नेमका तेवढाच लॉग गायब! एररही येत नाही. उपाय साधा आहे: ‘ऑप्शन्स’ला वेगळं नाव द्या आणि मर्ज त्याच्या आत करा.

मर्यादा डेमनच्या जेसनमध्ये टाकून मोकळं होता येतं, पण मग ती त्या मशीनपुरती राहते. फाइल दुसऱ्या सर्व्हरवर गेली की पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

सामाईक काय ठेवावं याबद्दल मी हट्टी आहे. फाइलीचा आकार हा डिस्कचा प्रश्न, आणि डिस्क सगळ्यांची एकच. तो सामाईकच हवा. लॉग-लेव्हल ज्या त्या सर्व्हिसची. तीही सामाईक खात्यात टाकली की भावकीच्या सातबाऱ्यासारखं होतं: एकाला काही करायचं तर सगळ्यांच्या सह्या. पेमेंटसाठी डीबग चालू केलं की बाकीच्या सर्व्हिसेसही भसाभसा लिहू लागतात. आज दोन आकडे सारखे दिसतात एवढ्यावरून त्यांना एकत्र बांधू नये.

बदल केलात की आधी ‘डॉकर कंपोज कॉन्फिग’ चालवा. सगळी नावं उलगडून पूर्ण फाइल समोर येते; प्रत्येक ‘ऑप्शन्स’खाली दोन्ही ओळी आहेत का ते डोळ्यांनी बघा. मग ‘अप’ करा. नुसतं रीस्टार्ट करून भागत नाही; लॉगिंगचे पर्याय कंटेनर नव्याने बनतानाच लागू होतात.