विणलेलें शुभवर्तमान

वाई सोडून पसरणीचा घाट चढूं लागलें कीं हवा पालटते आणि वर पोंचतांच सिल्व्हर ओकच्या उंच रांगा सामोऱ्या येतात. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पांच गांवांच्या मधली ही पांचगणी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जॉन चेसन नांवाच्या इंग्रज गृहस्थानें वसविली. त्याची कबर येथील सेंट पीटर्स चर्चच्या आवारांत आहे. टेबललँड पाहून परतणारे बहुतेक प्रवासी स्ट्रॉबेरी घेऊन घाट उतरतात. आवाराकडे कोणी सहसा वळत नाहीं.

पावसाळ्यांत येथें धुकें थेट माजघरापर्यंत येतें आणि पेटींतल्या शालूंना बुरशी धरते. अशा दिवसांत तें दगडी प्रार्थनामंदिर पाहतांना आमच्या मनांत येतें कीं, ज्या युरोपांतून ही बांधणी आली, तेथेंही थंडी दगडांतून अशीच पाझरते. तिला अडविण्यासाठीं तेथील लोकांनीं भिंतींवर लोकरीचे जाड पडदे सोडले, आणि पडदे सोडायचेच तर त्यांवर देवाच्या कथा कां नसाव्यात, असें मनांत आणून त्या कथा त्यांत विणल्या. यांना टॅपेस्ट्री म्हणतात. ‘चित्रपट’ हा शब्द त्यांस नेमका शोभला असता. पण तो सिनेमानें केव्हांच पळविला!

ही विद्या परकी आहे असें मात्र आमच्या वाचक भगिनींनीं समजूं नये. ज्या घरांत आजीची जुनी पैठणी आहे, तेथें ती आहेच. पदरावरचा मोर भरतकामाचा नसतो. तो मागावरच जन्मतो. प्रत्येक रंगाचा आडवा धागा आपल्या हद्दीपुरताच जातो, शेजारच्या रंगाशीं गुंततो आणि मागें फिरतो. टॅपेस्ट्रीची रीत हीच. भेद इतकाच कीं, तेथें बहुधा लोकर असते आणि उभे धागे पूर्ण झांकले जातात.

फ्रान्समधील आंजे येथील किल्ल्यांत असा एक प्रचंड पट आहे. बायबलाच्या प्रकटीकरण या शेवटच्या ग्रंथांतील दृश्यें त्यावर असून तो १३७७ ते १३८२ च्या सुमारास विणला गेला. राज्यक्रांतीनंतर त्याचे तुकडे झाले. कोणी ते संत्र्यांच्या झाडांना थंडीपासून पांघरले, कोणी घोड्यांच्या पागेंत लावले. एकोणिसाव्या शतकांत एका धर्माधिकाऱ्यानें ते जमविले, तरी आज सुमारें १०० मीटरच उरले आहेत. आम्हांला नवल वाटतें तें निराळ्याच गोष्टीचें : त्या पटाची मागची बाजू पुढच्यासारखीच विणलेली आहे. जी बाजू भिंतीकडे जाणार, तीवरही तेवढेच कष्ट! अस्सल पैठणीची परीक्षाही आमच्या आज्या पदर उलटूनच करीत.

एरवीं युरोपांतल्या आडव्या मागावर विणकऱ्यापुढें कापडाची मागचीच बाजू असते. विणलेला भाग गुंडाळला जातो आणि सबंध चित्र त्याला काम संपल्यावरच दिसतें. रोममधील सिस्टाइन मंदिरासाठीं राफाएलनें काढलेलीं नमुनाचित्रें ब्रुसेल्सच्या मागांवर विणलीं गेलीं, तीं याच कारणास्तव उजव्याचें डावें अशीं काढावीं लागलीं. या कलेची परंपरा तेथें तुटली नाहीं. इंग्लंडांत कॉव्हेंट्रीचें जुनें कॅथीड्रल १९४० च्या बाँबवर्षावांत जळालें. १९६२ सालीं नवें उभें राहिलें तेव्हां ग्रॅहम सदरलंड या चित्रकारानें आखलेला, फ्रान्समध्यें विणलेला, सुमारें २३ मीटर उंचीचा ख्रिस्तपट वेदीमागें टांगला गेला.

मग मराठी ख्रिस्ती भक्तीनें मागाकडे कां पाहिलें नाहीं? माग तर होते. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशननें विसाव्या शतकाच्या आरंभीं विणकामाचे प्रयोग केले आणि तेथें चर्चिल या मिशनऱ्यानें सुधारलेला हातमागही तयार केला. परंतु ते माग पोटासाठीं होते. भक्ति गेली ती शब्दांकडे. फादर स्टीफन्सनें गोव्यांत ख्रिस्तपुराण रचलें, तें १६१६ मध्यें छापलें गेलें. सुमारें अकरा हजार ओव्या! पुढें रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं अभंग आणि कीर्तन हातीं घेतलें. १९१७ सालीं ते याच जिल्ह्यांत, साताऱ्यास येऊन राहिले. ख्रिस्त या मातीचा व्हावा, हा त्यांचा ध्यास होता. टाळ त्यांना आपला वाटला; धोटा कोणाच्या हातीं आलाच नाहीं. आमच्या मतें ओवी-अभंगाची वाट येथें आधींच रुळलेली होती, आणि ज्यांच्या घरांत ओवी होती त्यांच्या घरांत माग नव्हता. साळी-कोष्ट्यांची विद्या एका आळींत, ग्रंथविद्या दुसऱ्या आळींत, ही आमचीच जुनी मांडणी येथेंही नडली असावी.

तरी वाट बंद झालेली नाहीं. येवल्यांत पैठणीचे माग आजही चालतात. पांचगणीच्या ओलसर भिंतीवर रेशीम टिकणार नाहीं हें खरें. पण घाटाखालीं सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यांत धनगरांचीं मेंढरें आहेत, आणि त्यांच्या लोकरीचीं घोंगडीं विणणारे सणगर आहेत. तें घोंगडें पावसाला कधीं भ्यालेलें नाहीं.