सोबत

जळगावहून धुळ्याला लग्नाला निघालो, तेव्हा पत्नीने बॅगेत आधी माझे सीपॅप यंत्र ठेवले, मग कपडे. झोपेत माझा घसा मिटतो नि श्वास अडतो. यंत्र हवेच्या दाबाने तो उघडा ठेवते. सिडनीच्या कॉलिन सलिव्हनांनी १९८० साली काढलेली ही युक्ती!

जानोशाच्या खोलीत सोबतीला वरपक्षाकडले एक अपरिचित आजोबा. मुखवटा चढवताना मी ओशाळलो.

"मास्तर, हत्ती झालात की!" म्हणत त्यांनी आपला मोबाइल काढून एकुलता प्लग मला दिला.

मध्यरात्री वीज गेली. मुखवटा काढून कुशीवर झोपलो. पारोळ्याच्या रस्त्यावर एस. टी. हादरतेय, अशी स्वप्ने पडत राहिली.

पहाटे पाहतो, तो आजोबा उशाशी खुर्चीत.

"श्वास थांबला की हलवीत होतो. आता वीज आलीय, लावा तुमची सोंड. मी पडतो जरा."