चप्पल काढून पाहा

वर्धा रोडवरच्या टाइल शोरूमचा आराखडा रात्री पुन्हा पसरून बसलो. मालकांना छतभर दिवे हवेत. पण ग्लॉसी टाइलवर इतका उजेड पडला की गिऱ्हाइकाला टाइलऐवजी दिव्याचं प्रतिबिंबच दिसतं. शिवाय ६००० केल्विनच्या पांढऱ्या प्रकाशात आवडलेला बेज रंग घरच्या ३००० केल्विनच्या पिवळ्या दिव्याखाली वेगळाच वाटतो. म्हणून एक खोली दोन्ही दिवे बदलून पाहण्यासाठी, आणि तिला खरी खिडकी. नागपूरचा पारा मे महिन्यात ४५ च्या वर जातो. गच्चीची फरशी त्या उन्हातच पारखावी.

मोरबीच्या टाइल्स सगळ्याच दुकानांत असतात. मग वेगळं काय दाखवायचं? पायाखालचं. दोन बाय चार फुटांची टाइल स्टँडवर उभी करून फरशी कळत नाही. बाथरूमच्या नमुन्यात पाणी ओतू द्या, चप्पल काढून चालू द्या. व्हीआर चष्म्यातलं घर देखणं खरं, पण तिथे कुणाचा पाय घसरत नाही!

आमचं बालपण शहाबादी फरशीवर लोळण्यात गेलं, सांध्यांकडे कोण बघत होतं? आता ग्राउटचाही रंग निवडायचा, आणि नवरा-बायकोचं वाजतं ते नेमकं तिथेच. त्यांच्यासाठी दोन खुर्च्या आणि चहा. एवढं मालकांनी लगेच मान्य केलं. खिडकीचं अजून अडलंय.