बिघाडाची शाळा

गडचिरोली जिल्ह्यातल्या कोरची, धानोरा, एटापल्ली किंवा भामरागड तालुक्यातल्या एखाद्या आडवळणाच्या गावात शिरलं की आज यंत्रं जागोजाग दिसतात. हातपंप तर आहेच. त्याच बोअरवर सौर पॅनेल लावून दुहेरी पंप बसवलेला असतो. कुणाच्या तरी पडवीत छोटी राईस मिल असते. दारात मोटारसायकली, बांध्यांच्या कडेला ट्रॅक्टर, आणि अलीकडे शिवारात सौर कृषिपंप. यंत्र जंगलातल्या शेवटच्या टोल्यापर्यंत पोचलं, पण ते बिघडलं की हात लावणारा माणूस वडसा, ब्रह्मपुरी, आलापल्ली नाहीतर थेट चंद्रपूरला बसलेला असतो. तो येईपर्यंत यंत्र झाकून ठेवायचं आणि बायकांनी पुन्हा नाल्यावर जायचं, हा गावाचा शिरस्ता झाला आहे.

मी फिटर ट्रेडचा शिल्प निदेशक आहे. उभी नोकरी चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतल्या शासकीय आयटीआयमध्ये गेली. राज्य सरकारच्या नियमाप्रमाणे 58 व्या वर्षी शाल-श्रीफळ घेऊन बाहेर पडायचं असतं, आणि तो दिवस आता जवळ आला आहे. पुढे काय करायचं याचा मी बरीच वर्षं विचार करतो आहे. तो विचार एकट्या माझ्यापुरता नाही, आमच्या सगळ्या पेशाचा आहे, म्हणून इथे मांडतो.

आयटीआय ही व्यवस्था ज्या गरजेतून उभी राहिली ती आधी पाहिली पाहिजे. 1950 साली केंद्र सरकारने शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली. 1961 मध्ये शिकाऊ उमेदवार कायदा आला. नव्या देशाला कारखाने उभे करायचे होते आणि कारखान्यांना मापात काम करणारे हात हवे होते. आमच्या भागाने त्याचा पुरेपूर लाभ घेतला. बल्लारपूरचा कागद कारखाना, वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या (वेकोलि) कोळसा खाणी, भद्रावतीची आयुध निर्माणी, घुग्घुस, आवारपूर, गडचांदूरकडचे सिमेंट कारखाने, 2,920 मेगावॅटचं चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्र, या सगळ्या ठिकाणी आयटीआयची मुलं लागली. आता सुरजागडचं लोहखनिज आणि कोनसरीचा प्रकल्प यांमुळे गडचिरोलीच्या मुलांनाही घराजवळ कारखाना दिसू लागला आहे. शेतमजुराच्या घरातला मुलगा दोन वर्षांच्या प्रशिक्षणावर कायम नोकरीला लागतो आणि पाठच्या भावंडांना शिकवतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. या व्यवस्थेबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे.

पण आम्ही शिकवतो ते घडवणं. पहिल्या वर्षाच्या मुलाच्या हाती आम्ही आधी कानस देतो. मऊ पोलादाचा तुकडा वाइसमध्ये आवळायचा, डावा पाय पुढे ठेवायचा, कानस पुढे नेताना दाब द्यायचा, मागे आणताना सोडायचा. सुरुवातीला प्रत्येकाचा तुकडा मधे फुगीर आणि कडांना उतरता होतो, कारण कानस हातात झोके घेते. मग त्याला गुण्या लावून तुकडा खिडकीच्या उजेडाकडे धरायला सांगतो. पात्याखालून जिथे उजेडाची रेघ झिरपते तिथे खोलगट आहे, जिथे झिरपत नाही तिथे उंचवटा आहे, आणि घासायचा तो उंचवटाच. हे एकदा डोळ्यात बसलं की पुढे व्हर्नियरवर 0.02 मिलिमीटरचा फरक वाचायला मुलगा कचरत नाही. ड्रॉइंग समोर आहे, कच्चा माल नवा आहे, माप ठरलेलं आहे. परीक्षेचा जॉब मापात आला की मुलगा पास.

गावातल्या यंत्राजवळ मात्र यातलं काहीच हाताशी नसतं. ड्रॉइंग नसतं, मूळ भाग झिजलेला असतो, तो कधी बदलला होता हे कुणाला आठवत नसतं, आणि मालक सांगतो तो बिघाड खरा बिघाड नसतो. तिथे लागते ती दोष ओळखायची विद्या. अभ्यासक्रमात देखभालीचे धडे आहेत, पण बिघडलेल्या यंत्रासमोर उभं राहून विचार करायला वेळ लागतो आणि वेळापत्रकात तो मावत नाही. निदेशकाजवळ ही विद्या नोकरीच्या शेवटी सर्वांत जास्त असते. नेमकी तेव्हाच आपण त्याला घरी पाठवतो.

राईस मिलचं उदाहरण घेतो, कारण वडसा, आरमोरी, सिंदेवाही, मूल, नागभीड हा आमचा सारा पट्टा धानाचा. हंगामात मिलवाला हमखास एक प्रश्न विचारतो, ‘‘सर, औंदा कणी काहून वाढली जी?’’ तो धानाला दोष देतो, ओलाव्याला दोष देतो. कधी कधी ते खरंही असतं. पण आधी पाहायचे ते रबर रोल. धान सोलणारे हे दोन रोल एकमेकांच्या उलट दिशेने आणि वेगवेगळ्या वेगाने फिरतात. वेगातल्या या फरकामुळेच दाण्यावरची साल ओढून निघते. जलद फिरणारा रोल आधी झिजतो, त्याचा व्यास कमी होतो, तसा दोघांच्या पृष्ठभागाच्या वेगातला फरकही कमी होतो. साल पुरती निघत नाही, म्हणून ऑपरेटर रोल जवळ आणून दाब वाढवतो. मग रबर तापतं आणि दाणा सोलण्याऐवजी मोडतो. इलाज साधा आहे. ठरावीक काळाने दोन्ही रोलांच्या जागांची अदलाबदल करायची म्हणजे झीज सारखी होते, आणि रोल संपले की जोडीनेच बदलायचे. हे ज्याला कळलं त्याचा तांदूळ बाजारात दोन पैसे जास्त आणतो.

मोटारीचंही तसंच. थ्री-फेजची मोटार जळाली की ती गाडीवर घालून तालुक्याला नेतात, रिवाइंडिंग करून आणतात आणि त्याच जागी जोडतात. ती का जळाली हे कुणी विचारत नाही. एक फेज गेला असताना ती चालत राहिली का? व्होल्टेज कमी पडत होतं का? बेअरिंग जाम होऊन भार वाढला का? पट्टा गरजेपेक्षा जास्त ताणला होता का? कारण तिथेच राहिलं तर नव्या तारेचाही धूर होणार आणि गरीब माणूस दुसऱ्यांदा पैसे भरणार. म्हणून मी मुलांना क्रम सांगतो. आधी विचारा, मग ऐका, मग हात लावा आणि पाना शेवटी उचला. बिघाड कधी सुरू झाला, त्याआधी काय बदललं, आवाज आधी बदलला की वास आधी आला? चालत्या यंत्राच्या बेअरिंगच्या घरावर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून त्याची मूठ कानाशी धरली की चांगल्या बेअरिंगची एकसारखी घरघर आणि खराब बेअरिंगची करकर यांतला फरक स्पष्ट ऐकू येतो. हे पुस्तकातून कळत नाही. शेजारी उभं राहून कुणीतरी ते ऐकवावं लागतं.

हातपंपाची कथा तर महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी आहे. साठच्या दशकापासून ग्रामीण भागात बोअर वाढले, पण त्यांवर बसवलेले बिडाचे पंप एका घरच्या वापरासाठी घडवलेले होते. अख्खं गाव पाण्याला आलं की ते मोडून पडत. जालन्यात आणि पुढे सोलापुरात मिशनऱ्यांच्या पाणी योजनांमधल्या कारागिरांनी पोलादाचे, जास्त टिकणारे पंप तयार केले. सत्तरच्या दशकात भारत सरकार आणि युनिसेफ यांनी नवा पंप घडवायला घेतला तेव्हा पाया म्हणून निवडला तो सोलापूर पंप. त्यातून इंडिया मार्क टू जन्माला आला आणि जगभर पसरला. स्वतःच शिकून तयार झालेल्या मेकॅनिकच्या बुद्धीतून त्या पंपाचा गाभा आला, असं त्याच्या इतिहासात नोंदलेलं आहे. रोजच्या दुरुस्तीतून नवं यंत्र कसं जन्मतं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

या पंपाचा दोष दांड्यावरूनच कळतो. दांडा हलका लागतो आणि पाणी येत नाही, तर खाली रॉड सुटला किंवा तुटला. बरेच हात मारल्यावर पाणी येतं आणि थोडा वेळ थांबलं की पुन्हा तसंच होतं, तर तळातला व्हॉल्व्ह गळतो किंवा पाइपाचा सांधा. दांडा नेहमीसारखाच आहे पण धार बारीक झाली, तर सिलिंडरमधलं वायसर झिजलं. एवढं ओळखणारी व्यक्ती गावात असली तर दुरुस्ती पथकाला नेमका निरोप जातो आणि नेमकं सामान येतं. मार्क टूमध्ये वायसर बदलायला 3-3 मीटरचे सगळे पाइप वर काढावे लागतात. त्याच्या पुढच्या मार्क थ्री नमुन्यात पाइप न काढता रॉड ओढून घेता येतो, म्हणून गावातल्या गावात दुरुस्ती शक्य झाली. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात नव्वदच्या दशकात महिला समाख्या कार्यक्रमातून दलित आणि आदिवासी बायकांनी हातपंप दुरुस्ती शिकून घेतली आणि ती केली. आमच्या माडिया आणि गोंड मुली त्यांच्यापेक्षा कुठेही कमी नाहीत.

इथे भूगोलही विचारात घ्यावा लागतो. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, आणि असे रस्ते दर पावसाळ्यात ठिकठिकाणी बंद होतात. रोवणीच्या दिवसांत पंप किंवा ट्रॅक्टर बंद पडला तर बाहेरचा मिस्त्री येईपर्यंत पऱ्हे वाळतात नाहीतर हंगाम निघून जातो. म्हणून या जिल्ह्यांना गावातच राहणारा, तिथलीच भाषा बोलणारा दुरुस्ती करणारा माणूस हवा. मोहफुलाच्या आणि तेंदूपानाच्या हंगामात तो जंगलात जाईल, धानाच्या हंगामात बांधीत उतरेल आणि उरलेल्या वेळात यंत्रं दुरुस्त करील. त्याला कारखान्यातली आठ तासांची शिफ्ट लागू पडत नाही, तसं दोन वर्षांचं निवासी प्रशिक्षणही प्रत्येकाला जमत नाही. त्याच्यासाठी लहान लहान टप्प्यांची, हंगाम बघून भरणारी शाळा हवी.

ही शाळा चालवणं हाच निवृत्त निदेशकाचा दुसरा पेशा असावा, असं माझं म्हणणं आहे. सरकारी योजनांत त्याला वाव आहे. पीएम विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झाली. तीत लोहार, सुतार, बुरूडकाम करणारे असे 18 व्यवसाय आहेत, प्रशिक्षणाच्या काळात रोज 500 रुपये विद्यावेतन आहे आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आहे. जलजीवन मिशनखाली गावोगावी नळयोजनेची देखभाल-दुरुस्ती करणारे नल जल मित्र तयार करायचं ठरलं आहे. ज्यांना काम येतं पण कागद नाही अशा मिस्त्र्यांना पूर्वज्ञानाच्या आधारावर प्रमाणपत्र मिळण्याची सोय आहे. या सर्वांत कमतरता आहे ती हात धरून शिकवणाऱ्याची, आणि शिकवणारे दरवर्षी निवृत्त होताहेत.

असं काम आपल्या भागाला नवं नाही. भद्रावतीत कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघ उभारून कुंभारकामाचं शिक्षण दिलं. वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमटेंनी बरे झालेल्या कुष्ठरोग्यांच्या हाती अवजारं दिली. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबूचं प्रशिक्षण केंद्र आहे. बाहेर पाहायचं तर जर्मनीत 1983 पासून बॉनची एक संस्था निवृत्त तंत्रज्ञांना शिकवण्यासाठी जगभर पाठवते. त्यांना एवढ्या लांब पाठवण्याची सोय होऊ शकते, तर चंद्रपूरचा निवृत्त फिटर धानोऱ्याला जायला काय हरकत आहे?

पैशाचं बोलणंही स्वच्छ व्हावं. माझ्यासारख्या जुन्या लोकांना निवृत्तिवेतन आहे, पण 1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा त्यानंतर नोकरीला लागलेल्या बहुतेकांना ती जुनी योजना मिळाली नाही. त्यांच्यासाठी दुसरा पेशा ही हौस नसेल, गरज असेल. म्हणून हे काम फुकट सेवा म्हणून मागू नये. शिकवण्याचं मानधन ठरावं, ग्रामपंचायतीने किंवा महिला बचत गटांच्या प्रभागसंघाने एक खोली द्यावी, आणि शिकलेल्याने केलेल्या दुरुस्तीचे दर फळ्यावर लिहिलेले असावेत. खोलीत फार काही लागत नाही. भक्कम टेबल आणि वाइस, पाने, कानसी, मल्टिमीटर, मेगर, बेअरिंग पुलर, वेल्डिंग सेट, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बिघडलेली खरी यंत्रं. शिकणाऱ्याने प्रत्येक यंत्रापुढे एक वही ठेवावी. बिघाड काय सांगितला, खरा काय निघाला, कारण कोणतं, इलाज कोणता, खर्च किती, हे तिच्यात लिहावं. काही वर्षांत अशा वह्यांतून या दोन जिल्ह्यांतल्या यंत्रांच्या दुखण्याची एक नोंदवही तयार होईल. मग आयटीआयला आपल्या अभ्यासाची आखणी करताना, आणि पंप बनवणाऱ्यांना आपला माल सुधारताना, तिचा उपयोग होईल.

मी निवृत्तीनंतर अशी एक खोली धानपट्ट्यात सुरू करणार आहे. पहिलं वर्ष राईस मिल आणि पंप, दुसऱ्या वर्षी ट्रॅक्टर आणि सौर यंत्रणा, असा क्रम मनात आहे. सोबतीला इलेक्ट्रिशियन, वेल्डर, डिझेल मेकॅनिक या ट्रेडचे सहकारी हवेत, कारण एकट्या फिटरकडून गावातलं कोणतंच यंत्र पुरतं बरं होत नाही. जे पुढच्या दोन-तीन वर्षांत निवृत्त होणार आहेत त्यांना मी आताच सांगतो आहे की आपापल्या तालुक्यातली यंत्रं पाहून ठेवा, कोणतं यंत्र वारंवार बंद पडतं ते टिपून ठेवा आणि वर्कशॉपमधल्या हुशार विद्यार्थ्याला सुट्टीत बरोबर न्या. नोकरीत आपण मुलांना गावाबाहेर पडण्याचा रस्ता दाखवला, आणि तो दाखवायलाच हवा होता. आता ज्यांना गावात राहायचं आहे त्यांचा रोजगार गावातच उभा करून देणं हे आपलं उरलेलं काम आहे, आणि त्यासाठी लागणारी विद्या आपल्याशिवाय दुसऱ्या कुणापाशी नाही.