बीमवर सहा, पाहिजेत दहा

दिवसभर बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर काम करतो आणि संध्याकाळी कंग्राळीत गावातल्या जिममध्ये पोरांकडे बघायला उभा राहतो. पगार नाही. पोरं 'मामा' म्हणतात आणि डंबेल जागेवर ठेवतात, एवढ्यावर चाललंय. आमच्याकडे व्यायाम नवा नाही. कंग्राळी बुद्रुक असो की खुर्द, तांबड्या मातीत लोळलेला एखादा तरी आजोबा-काका घरटी सापडतो. जोर आणि बैठका शिकायला तेव्हा कुणी पुस्तक उघडलं नाही. वस्ताद समोर असायचा, चुकलं की पाठीत धपाटा मिळायचा.

आता वस्ताद मोबाइलमध्ये आहेत. नवं पोरगं येतं ते सुहास खामकर, संग्राम चौगुले यांचे फोटो घेऊन. दोघंही कोल्हापूरचे, म्हणजे निपाणी ओलांडली की घरचेच. खामकर 2010 ला मिस्टर आशिया झाला, त्याचं कौतुक इकडेही आहे. अशी शरीरं बघून पोरगं जिमची पायरी चढतं, ते चांगलंच. पहिल्या आठवड्यात त्याचा एकच प्रश्न असतो, "मामा, दंड कधी फुगणार?" महिन्याभरानं जे विचारतं, ते खरं.

आमच्याकडच्या निम्म्या पोरांना भरती व्हायचं असतं. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, घरात कुणी ना कुणी फौजेत आहे. भरतीत 1600 मीटर पळणं झालं की बीम, म्हणजे पुल-अप. 10 वेळा वर गेलात तर पुरे 40 गुण, 6 वेळा गेलात तर 16. हनुवटी बीमच्या वर, खाली येताना हात सरळ, झोका घेतला की ती मोजत नाहीत. या चार पुल-अपमध्ये पोराचं नशीब लटकलेलं असतं, आणि वयाची मर्यादा मागे लागलेली असते.

असंच एक पोरगं आलं. हडकुळं, पळायला वारा, बीमवर मात्र सहाला अडकलेलं. फोनमध्ये पाठीच्या व्यायामाचे ढीगभर व्हिडिओ. मी विचारलं, "रोज काय करुलैस?" म्हणालं, "रोज हात सुटेपर्यंत मारतो, मामा." म्हणजे रोज परीक्षाच, अभ्यास कधीच नाही. कोपराच्या आतल्या बाजूला दुखायलाही लागलं होतं.

आधी दोन दिवस बीम बंद केला. मग सांगितलं, तुझे सहा होतात ना, एका वेळी तीनच मारायचे. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, दम खाऊन पुन्हा तीन. पण चौथा ओढायचा नाही. लटकल्यावर आधी खांदे कानापासून खाली ओढायचे, मग कोपर वाकवायचं. शेवटी स्टुलावर चढून हनुवटी वर ठेवायची आणि पाच मोजत सावकाश उतरायचं. वर जाता येत नसलेल्या पोरालाही उतरता येतं, आणि ताकद उतरतानाही येते. एक दिवस आड पूर्ण सुट्टी. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आठवड्यातून एकदा पळून आल्या आल्या बीम धरायचा, कारण भरतीच्या मैदानात ताज्या अंगानं कुणी बीम धरत नाही. आठ आले, नऊ आले, मधे एकदा सातावर घसरले. मग दहा आले.

यात गुपित काहीच नव्हतं. त्याला हवं होतं ते एवढंच : मी सहावर आहे, सातवर कसा जाऊ? शरीर दाखवणारे पुष्कळ भेटतात, पुढची पायरी सांगणारा भेटत नाही.

गावातल्या एका म्हाताऱ्या पैलवानांकडे 'व्यायाम ज्ञानकोशा'चा एक खंड बघितला होता. बडोद्याच्या द. चिं. मजुमदारांनी 1936 ते 1949 या काळात त्याचे दहा खंड काढले. चित्र आणि शेजारी कृती, वाचणारा करून बघणार आहे हे धरून लिहिलेलं. हल्लीच्या माहितीत नेमकं हेच हरवलंय.

दुसरा प्रश्न आया विचारतात. "डबा आणू का हो, पोरगं मागे लागलंय." डबा म्हणजे पावडरचा. मी वहीत हिशेब मांडून देतो. व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण 1.6 ग्रॅम प्रोटीन पुष्कळ झालं. पोरगं 60 किलोचं, म्हणजे 95 च्या आसपास. अर्धा लिटर दूध 16, चार अंडी 24, मूठभर शेंगदाणे 12, दोन्ही वेळची आमटी 11, दिवसाच्या भाकऱ्यांचं 300 ग्रॅम पीठ धरलं तर 30. बेरीज 93. बाई बोटावर मोजून बघते, म्हणते, "हे तर घरातच आहे की!" पावडर वाईट नाही, पण हिशेब न करता डबा आणणं वाईट. इंजेक्शनचं नाव काढणाऱ्याला मात्र मी दारातूनच परत पाठवतो. बाहेरून हार्मोन घेतला की शरीर स्वतःचा बनवायचं थांबवतं, आणि हृदयावरही भार येतो. हे त्याला कुणी फोटोखाली लिहून दिलेलं नसतं.

तिसरे येतात ते मार्केट यार्डातले हमाल. त्यांना आरसा नकोच असतो. 50 किलोचं पोतं उचलताना कंबर शाबूत कशी राहील, एवढंच विचारतात. त्यांना मी डेडलिफ्ट शिकवतो, नाव न सांगता : पोतं पायाशी घे, कमरेतून वाक पण पाठ सरळ ठेव, श्वास पोटात धर, पायानं जमीन दाब आणि उठ. वळायचं असेल तर पाऊल उचलून वळ, कंबर पिळू नकोस. एकानं विचारलं, "हे आधी का नाही सांगितलं कुणी?" मी म्हटलं, तुझ्यासाठी कुणी लिहीतच नाही.

म्हणून ताकदीबद्दल लिहिणाऱ्यानं एकदा तरी असल्या जिममध्ये तासभर उभं राहावं. वाचणारा आज कितीवर आहे, त्याला कितीवर जायचंय, घरात काय शिजतं आणि दुसऱ्या दिवशी शिफ्ट किती वाजताची आहे, ही चार उत्तरं घ्यावीत आणि मग लिहायला बसावं.